मूठभर धान्याची विद्या : डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे जीवन



आपल्या लोहारा गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार ईश्वरकृपेने व आपणा सर्वांच्या सहकार्याने पार पडला. कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटच्या थैल्या दिल्या, कोणी वाळू-गिट्टीचे ट्रॅक्टर पाठविले आणि ज्यांच्याजवळ यापैकी काहीच नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. अशा शुभप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत साधुसंतांची चरित्रे देण्याची आपली परंपरा आहे. ज्यांचे चरित्र येथे सादर करीत आहोत ते भगवी वस्त्रे घातलेले साधू नव्हते. ते बॅरिस्टर होते, मंत्री होते, विलायतेत शिकलेले पंडित होते. परंतु त्यांनी आयुष्यभर जे मागितले ते स्वतःसाठी मागितले नाही. दुसऱ्याच्या लेकरांनी पुढे शिकावे म्हणून मागितले. म्हणून त्यांची आठवण मंदिराच्या स्मरणिकेत होणे आम्हांस उचित वाटते. ते म्हणजे आपल्या वऱ्हाडचे सुपुत्र, शिक्षणमहर्षी डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख.

यवतमाळहून नेरमार्गे अमरावतीकडे निघाले की वाटेत नांदगाव खंडेश्वर लागते. त्याच तालुक्यात पापळ हे लहानसे खेडे आहे. या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी भाऊसाहेबांचा जन्म झाला. वडिलांचे नाव शामराव, आईचे राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम; देशमुखी वतनामुळे देशमुख म्हणू लागले. घर शेतकऱ्याचे. पाऊस चांगला झाला तर बरे, नाही झाला तर सावकाराची पायरी, हे जे वऱ्हाडातील सर्व शेतकऱ्यांचे जिणे तेच त्यांचेही होते.

गावच्या शाळेत जेवढे शिक्षण मिळत होते तेवढे झाले आणि तेथेच पहिली अडचण उभी राहिली. त्या काळी खेड्यात चार इयत्तांच्या पुढे शाळा नसे. पुढे शिकायचे तर गाव सोडणे भाग होते. पंजाबराव प्रथम चांदूर रेल्वे येथे, नंतर कारंजा लाड येथे व शेवटी अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये शिकले. आपल्याकडील जुन्या मंडळींना कारंजा चांगले ठाऊक आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर ही आपली ‘शकुंतला’ आगगाडी दारव्ह्यावरून त्याच कारंज्यास जात असे. एका शेतकऱ्याच्या मुलाला शाळेसाठी तीन गावे पालटावी लागली, तीन ठिकाणी राहण्याची व जेवणाची सोय पाहावी लागली. ही गोष्ट त्यांच्या मनात कायमची बसली असावी, असे पुढील कार्यावरून दिसते.

मॅट्रिकनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथून १९२० साली त्यांनी विलायतेची वाट धरली. आज आपल्या भागातील मुले परदेशी जातात तेव्हा बँकेचे कर्ज मिळते, शासनाच्या शिष्यवृत्त्या असतात. त्या काळी वऱ्हाडातील शेतकऱ्याला असे काहीच नव्हते. शामरावांनी मुलाच्या शिक्षणासाठी शेती गहाण टाकून कर्ज काढले. शेतकऱ्याने शेत गहाण टाकणे म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. लग्नासाठी, बैलजोडीसाठी, आजारपणासाठी जमीन गहाण पडलेली आपण पाहतो. समुद्रापलीकडच्या शिक्षणासाठी, ज्याचे पीक कधी हाती येईल याचा भरवसा नाही अशा गोष्टीसाठी, जमीन गहाण टाकण्याचे धैर्य त्या बापाने दाखविले.

मुलानेही त्या पैशाचे चीज केले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी एम.ए. केले. तेथे संस्कृतच्या संशोधनासाठी त्यांना व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळाली. बॅरिस्टर झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास. कुणबी शेतकऱ्याचा मुलगा वेदांवर प्रबंध लिहितो आणि तो ऑक्सफर्डमध्ये मान्य होतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. हा ग्रंथ पुढे १९३३ साली प्रसिद्ध झाला. भाऊसाहेबांनी मंदिरांविषयी व देवस्थानांविषयी पुढे जे विचार मांडले ते धर्माचा अभ्यास न करता मांडलेले नव्हते, हे यावरून लक्षात यावे.

१९२६ साली ते मायदेशी परतले व अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टरची सनद, ऑक्सफर्डची पदवी, मागे गहाण पडलेली जमीन. अशा वेळी कोणीही मनुष्य प्रथम पैसा मिळविण्याच्या मागे लागला असता व त्याला कोणी नावे ठेवली नसती. भाऊसाहेबांनी वकिली केली, पण त्याच सुमारास त्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले आणि त्यासाठी मुष्टिफंड सुरू केला.

हा मुष्टिफंड काय होता हे नव्या पिढीने समजून घ्यावे. घरातील बाईने दळणासाठी किंवा स्वयंपाकासाठी धान्य काढले की त्यातील एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकावयाची. काही दिवसांनी ते भांडे भरले की कार्यकर्ते येऊन धान्य घेऊन जात. ते धान्य छात्रालयाच्या कोठीत पडे आणि त्यावर मुलांचे जेवण होई. सातारकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी हाच मार्ग धरला होता. एका मुठीने कोणाचे घर रिकामे होत नाही. पण शंभर घरांच्या मुठी एकत्र आल्या की त्यावर कित्येक मुले जेवतात.

यात एक मर्म आहे, ते नीट ध्यानात घेतले पाहिजे. खेड्यातील मुलाचे शिक्षण कशाने अडते? केवळ फीने अडत नाही. फी माफ होऊ शकते, पुस्तके उसनी मिळू शकतात. परंतु शहरात राहावयाचे कोठे आणि दोन वेळ खावयाचे काय, यावर बहुतेकांचे शिक्षण थांबते. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरी सात वार. काही जण माधुकरी मागत. त्यातून मोठमोठे विद्वान निर्माण झाले. परंतु हा आधार मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्यांना होता. कुणबी, माळी, तेली, धनगर यांच्या मुलांना शहरात वार कोण देणार? आणि महार-मांगांच्या मुलांना तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याचीही बंदी. अशा मुलांसाठी छात्रालय हेच घर व छात्रालयाची पंगत हेच सात वार झाले. भाऊसाहेबांनी तेथे जातीचा भेद ठेवला नाही.

दुसरे मर्म असे की त्यांनी लोकांजवळ जे होते तेच मागितले. शेतकऱ्याच्या घरी रोकड नसते. कापूस विकला की चार दिवस पैसा दिसतो आणि सावकाराचे देणे फेडता फेडता तो संपतो. पण ज्वारीची कणगी बहुतेक घरी असते. रोकड मागितली असती तर गरीब माणूस मान खाली घालून गप्प बसला असता व देणगी देणे हा केवळ श्रीमंताचा मान राहिला असता. मूठभर ज्वारी मागितल्यामुळे ज्याच्या घरी दोन पायल्या धान्य आहे तोही दाता झाला. आपल्या मुठीतून कोणाचा तरी मुलगा शिकतो आहे, हा अभिमान त्या घरात आला. आणि आज ना उद्या आपलाही मुलगा तेथे जाऊ शकेल, ही आशाही आली.

१९२७ साली त्यांचा विवाह मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी झाला. हा विवाह आंतरजातीय होता. त्या काळात असा विवाह करून समाजकार्यात उभे राहणे म्हणजे घरचा व बाहेरचा, दोन्ही रोष पत्करणे होते. विमलाबाईंनी पतीच्या कार्यात बरोबरीने साथ दिली व पुढे त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या.

त्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली. नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. भाऊसाहेब या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. पुढील वर्षी, १९२८ साली, ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. शाळेची पायरी, विहिरीचा काठ आणि देवाचा गाभारा ही तिन्ही ठिकाणे सर्वांची आहेत, अशी त्यांची धारणा होती.

१९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात शिक्षण व शेती या खात्यांचे मंत्री झाले. तो काळ जगभरच्या मंदीचा होता. कापसाचे भाव कोसळले होते आणि वऱ्हाडातील शेतकरी कर्जाने पिचला होता. स्वतःच्या शिक्षणासाठी बापाने काढलेल्या कर्जाचा अनुभव असलेला मनुष्य या प्रश्नाकडे कोरड्या नजरेने पाहू शकत नव्हता. १९३३ साली कर्जलवाद कायदा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. सावकार व ऋणको यांना लवाद मंडळापुढे आणावयाचे, फुगलेले देणे तडजोडीने कमी करावयाचे आणि हप्ते बांधून द्यावयाचे, असा त्या कायद्याचा उद्देश होता. अनेकांच्या जमिनी त्यामुळे वाचल्या.

मंत्री असताना त्यांनी आणखी एक पाऊल उचलले, ज्याचा आपल्या आजच्या प्रसंगाशी निकटचा संबंध आहे. १९३२ साली त्यांनी कायदेमंडळात हिंदू देवस्थान संपत्ती विधेयक मांडले. देवस्थानांजवळ जमा होणारी संपत्ती लोकांच्या श्रद्धेतून आलेली असते; तिचा हिशेब चोख असावा आणि ती समाजाच्या हिताच्या कामी यावी, असा त्यामागील विचार होता. देवाच्या नावाने आलेला पैसा लेकरांच्या विद्येसाठी खर्च झाला तर त्यात देवाचा अपमान नाही, ही गोष्ट वेदांच्या अभ्यासकाने सांगितली होती, हे विसरता कामा नये.

याच १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली. मंत्रिपद १९३३ साली संपले, पण संस्थेचे काम वाढत गेले. गावोगाव सभा घ्यावयाच्या, लोकांना शाळा हवी का विचारावयाचे, जागा कोण देतो, इमारतीस हातभार कोण लावतो हे तेथल्या तेथे पाहावयाचे आणि शाळा उभी करावयाची. १९४६ साली अमरावतीस शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. विदर्भातील खेड्यापाड्यांत आज या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये पसरलेली आहेत. वैद्यकीय शिक्षणापर्यंत तिची मजल गेली आहे. आपल्या भागातील कितीतरी शिक्षक, वकील, डॉक्टर, कृषी अधिकारी यांच्या शिक्षणाचा पाया या शाळांत घातला गेला. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी त्यापूर्वी कोणी मॅट्रिक झालेले नव्हते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिक्षणासाठी दुसऱ्याची मदत घेणारे भाऊसाहेब एकटे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर. ते शिक्षण अपुरे राहिले तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. त्या वेळी स्वतः साठविलेले पैसे पुरेनात म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली व नवल भथेना या पारशी मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. म्हणजे ज्या १९२० साली पापळचा पंजाबराव गहाण शेताच्या पैशावर विलायतेस गेला, त्याच साली बाबासाहेबही दुसऱ्यांच्या मदतीने तेथे पोहोचले. देशाची घटना लिहिणारे बाबासाहेब आणि घटना समितीचे सदस्य असलेले भाऊसाहेब, दोघांच्याही शिक्षणामागे दुसऱ्या कोणाचा तरी हात होता. त्यांनी हात पसरले म्हणून ते लहान झाले नाहीत. घेतलेले ऋण त्यांनी समाजाला कितीतरी पटीने परत केले.

आपल्या वऱ्हाडचे संत गाडगेबाबा यांचीही येथे आठवण होते. घरातील भांडी विकावी लागली तरी चालेल पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून कळवळून सांगत. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्याही लोकांकडून मागून. पण स्वतःच्या अंगावर चिंधी आणि हातात गाडगे याशिवाय काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंसाठी बांधलेले छप्पर विद्यार्थ्यांच्या कामी यावे, हा संताचा निर्णय होता.

स्वातंत्र्यानंतर भाऊसाहेब अमरावतीहून तीनदा लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. भाताच्या जपानी पद्धतीच्या लागवडीचा त्यांनी देशभर प्रसार केला. १९५५ साली शेतकऱ्यांसाठी भारत कृषक समाजाची स्थापना केली आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविले. दिल्लीत इतकी वर्षे राहूनही अमरावतीच्या संस्थेची चिंता त्यांनी सोडली नाही. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात १९६९ साली अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्यास त्यांचे नाव देण्यात आले. आपला यवतमाळ जिल्हा याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो.

महाराष्ट्र शासनाने अलीकडच्या काळात अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना सुरू केली. व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना बाहेरगावी राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी ही मदत आहे. या योजनेलाही डॉ. पंजाबराव देशमुख यांचेच नाव दिलेले आहे. छात्रालयाच्या पंगतीपासून सुरू झालेल्या कामाला शोभेल असेच हे स्मारक आहे. आपल्या गावातील पालकांनी या योजनेची चौकशी अवश्य करावी. कित्येकदा हक्काची मदत केवळ माहिती नसल्यामुळे हातची जाते.

तरीही शासनाचा पैसा सर्वांना पुरत नाही आणि वेळेवर येतोच असे नाही. प्रवेशाची तारीख ठरलेली असते, भत्ता मागाहून येतो. आजही आपल्या परिसरात असे घडते की मुलगी बारावीला चांगले गुण मिळविते, यादीत नाव लागते आणि आठ दिवसांत पैसे भरावयाचे असतात. कापूस अजून शेतात असतो. सोयाबीनला भाव नसतो. मग बाप रात्री कोणाला न सांगता सावकाराकडे जातो. किंवा मुलीला पुढच्या वर्षी पाहू म्हणतो आणि ते पुढचे वर्ष येत नाही, लग्न येते. गावाला हे पुष्कळदा मागाहून कळते. कळले असते तर दिले असते, असे मग प्रत्येक जण म्हणतो.

या ठिकाणी भाऊसाहेबांच्या चरित्राचा आपणांस उपयोग आहे. रात्री सावकारापुढे मान खाली घालण्यापेक्षा दिवसा गावापुढे उभे राहून मागणे केव्हाही चांगले. सावकाराचे व्याज घर बुडविते. गावाने दिलेली मदत घर उभे करते. मागणाऱ्याने लाजू नये, पण मागताना काय हवे ते नेमके सांगावे: फी किती, खोलीचे भाडे किती, खाणावळ किती, त्यातले स्वतः किती उभे करणार आणि कमी किती पडते. देणाऱ्याने जात-भावकी पाहू नये व दिलेल्या मदतीचा गावभर डांगोरा पिटू नये. ज्यांच्या हाती पैसा येईल त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवून तो सर्वांना दाखवावा, कारण हिशेब दिसला की दुसऱ्या वर्षी मूठ आपोआप उघडते. आणि ज्याला मदत मिळाली त्याने शिकून नोकरी-धंद्याला लागल्यावर पुढच्या एका मुलाला हात द्यावा. असे झाले की ते दान राहत नाही, ते गावाचे फिरते बी-बियाणे होते. एका हंगामाचे बियाणे पुढच्या हंगामास उपयोगी पडावे, तसेच.

मंदिराच्या कामी आपण दाखविलेली एकी ही फार मोठी शक्ती आहे. घरोघरी जाऊन वर्गणी कशी गोळा करावी, पावती कशी द्यावी, बाहेरगावी स्थायिक झालेल्या गावकऱ्यांना पत्र व फोन करून कसे आठवण द्यावी, हे सर्व आपण या निमित्ताने शिकलो. काम पूर्ण झाले म्हणून ही घडी मोडू नये. दरवर्षी निकालाच्या दिवसांत याच सभामंडपात एकदा बैठक व्हावी, पुढे शिकणाऱ्या मुलामुलींची नावे वाचली जावीत आणि ज्यांना कमी पडते त्यांची तजवीज गावाने करावी. उत्सवाच्या वर्गणीतील थोडा भाग, दानपेटीतील थोडा भाग, सुगीच्या वेळी प्रत्येक घरचे पायलीभर धान्य, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. देवस्थानाचे द्रव्य समाजाच्या कामी यावे म्हणून भाऊसाहेबांनी विधेयक मांडले होते. आपल्या गावाला त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

नव्या कळसाकडे पाहताना देणगीदारांच्या मनात जे समाधान आहे ते त्यांनी कष्टाने मिळविलेले आहे. पापळच्या एका शेतकऱ्याने जमीन गहाण टाकली, त्यातून एक मुलगा शिकला आणि त्या एका मुलाने मूठ मूठ मागून हजारोंना शिकविले. लोहाऱ्याच्या कोणत्याही बापावर तशी जमीन गहाण टाकण्याची पाळी येऊ नये, एवढी काळजी गावाने घेतली तर मंदिराचा जीर्णोद्धार सर्व अर्थांनी पूर्ण झाला असे म्हणता येईल. परमेश्वर आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.